तळ कोठें द्यावा? : भंडारदऱ्याच्या परिसरांतील तंबू व कॅराव्हॅन

मराठ्यांच्या फौजेंत सैन्याच्या पुढें निशाण घेऊन चालणाऱ्या तुकडीस ‘बिनी’ म्हणत. मुक्कामाची जागा पाहणें हें तिच्या कामांपैकीं एक काम. पाणी कोठें आहे, वैरण मिळेल कीं नाहीं, पाठीशीं डोंगर आहे कीं ओढा, याचा अंदाज बिनीवाल्यांनीं आधीं घ्यावा आणि मगच मागून येणाऱ्या लष्करानें डेरे द्यावे. बिनीवाले हें आडनांव आपल्यांत आजहि आहे. परंतु तें काम मात्र आपल्या घरांतून पार नाहींसें झालें आहे. आतां सुटी लागली कीं घरांतील तरुण मंडळी मोबाइलवर एखादें चित्र पाहतात. तलावाचें निळें पाणी, काठावर रंगीत तंबूंची ओळ, मधोमध पेटलेली शेकोटी. तेवढ्यावर पैसे भरून मोकळीं होतात. चित्र खोटें असतें असें नव्हे. परंतु चित्रांत वारा दिसत नाहीं, जमिनीचा उतार दिसत नाहीं, शौचकूप किती लांब आहे हें कळत नाहीं, आणि रात्रीं दोन वाजतां वळीव कोसळला म्हणजे त्या जागेचें काय होतें हें तर मुळींच समजत नाहीं.

तंबूंत राहण्याची हौस वाईट आहे असें सुचविण्याचा येथें हेतु नाहीं. उलट, भिंतींच्या आंत वाढणाऱ्या मुलांनीं वर्षांतून दोन रात्री तरी ताऱ्यांखालीं काढाव्या, हें प्रस्तुत लेखकास मनापासून पटतें. ज्यांस जमिनीवर निजणें सोसत नाहीं अशा वडील मंडळींसाठीं आतां कॅराव्हॅनची, म्हणजे चाकांवरील घराचीहि, सोय होऊं लागली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं या पर्यटनाचें स्वतंत्र धोरणच मंजूर केलें. अमेरिकेंत स्थायिक झालेलीं आपलीं कुटुंबें अशी गाडी भाड्यानें घेऊन आठ-आठ दिवस राष्ट्रीय उद्यानांतून हिंडतात व तिकडील तळांवर पाणी, वीज, मैला ओतण्याचें कुंड हें सर्व त्यांस बहुधा तयार मिळतें. आपल्याकडे खेड्यांतील तळ हा बहुशः कोणा शेतकऱ्याच्या भातखाचराचा किंवा माळरानाचा तुकडा असतो. म्हणून निवडीचा भार येथें पाहुण्यावर अधिक पडतो. ही निवड कशी करावी हें हवेंत बोलण्यापेक्षां एका परिसराच्या आधारानें पाहिलेलें बरें. त्यासाठीं भंडारदरा घेऊं.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचा अकोले तालुका हा जिल्ह्याच्या अगदीं पश्चिम टोंकास, सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहे. येथें प्रवरा नदीवर इंग्रजी अमदानींत बांधलेलें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयांत सुमारें ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतें व तेंच पुढें खालच्या तालुक्यांतील शेतीस व पिण्यास जातें. जलाशयाच्या एका अंगास महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), दुसऱ्या अंगास रतनगड, आणि पश्चिमेस घाटघरचा कडा, जेथून कोंकण थेट पायाखालीं दिसतें. मुंबईकरांस कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीवरून, आणि पुणेकरांस संगमनेर, अकोले, राजूर या मार्गानें येथें येतां येतें. जलाशयाभोंवतीं मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशीं गांवें आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. बहुतेक तळ याच गांवांच्या शिवारांत आहेत.

जागेच्या आधीं काळ पाहावा, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. कारण एकच जागा जानेवारींत उत्तम व जुलैंत प्राणघातक असूं शकते. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर खचून दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी, यांचीहि तीच गति झाली. या तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धांतल्या आहेत, आणि तिन्ही ठिकाणीं पिढ्यान्‌पिढ्या राहणारीं, डोंगर ओळखणारीं माणसें होतीं. मग एका रात्रीचा पाहुणा कोणत्या भरंवशावर कड्याच्या पायथ्याशीं कापडाच्या घरांत निजतो? जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत येथील पावसाची शोभा पाहावयाची असेल तर अवश्य जावें, परंतु रात्र पक्क्या इमारतींत, उतारापासून दूर काढावी. तळवाला कितीहि गळ घालो, तंबू नको.

राहिले तीन हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा थंडीचा. आकाश स्वच्छ, जमीन कोरडी, कुटुंबास सर्वांत सोयीचा. मार्च-एप्रिल हा उन्हाचा. तंबू सकाळीं आठ वाजतांच तापूं लागतो, तेव्हां पूर्वेकडे झाडांची सांवली आहे कीं नाहीं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आणि मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा काजव्यांचा. अत्यंत मोहक, परंतु वळिवाचा व विजांचा. या शेवटच्या हंगामांत एकट्या उंच झाडाखालीं किंवा उघड्या टेकाडावर दिलेला तंबू टाळावा. विजा सुरू होतांच मुलांस घेऊन पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत जाऊन बसावें. धातूच्या टपाची बंद मोटार विजेपासून पुष्कळ संरक्षण देते. कापडाचा तंबू कांहींच देत नाहीं.

आतां पाण्याविषयीं. जाहिरातींत सर्वांत अधिक किंमत ज्या गोष्टीची घेतात ती म्हणजे ‘अगदीं पाण्याला लागून’ असलेली जागा, आणि कुटुंबानें सर्वांत आधीं नाकारावी तीहि तीच. धरणाचा जलाशय म्हणजे तळें नव्हे. त्याची पातळी महिन्यागणिक बदलते. पावसाळा संपतां संपतां तो कांठोकांठ असतो, मे महिन्यांत पाणी पुष्कळ मागें हटून तळाचा गाळ उघडा पडतो. हा गाळ वरून भेगाळलेला व टणक दिसतो. आंत मात्र ओला असतो आणि त्यांत पाय किंवा गाडीचें चाक रुततें. पाण्यांत उतरावें तर तळ सपाट नाहीं. जेथें एकेकाळीं शेताचे बांध, ओढे व विहिरी होत्या तेथें चार पावलांवर गुडघाभर पाण्याचें पुरुषभर होतें. पोहणाराहि येथें फसतो. ज्या तळावर लहान मुलें न्यावयाचीं तो पाण्यापासून निदान शे-दोनशें पावलें दूर, आणि मध्यें कुंपण किंवा उंच बांध असलेला असावा. पाणी दुरून दिसतें तेव्हांहि तें निळेंच दिसतें!

धरणाच्या खालच्या अंगास प्रवरेच्या पात्रांत, रंधा धबधब्याच्या बाजूस, उन्हाळ्यांत सपाट वाळू व गुळगुळीत खडक पाहून तंबू ठोकण्याचा मोह होतो. तो पूर्णपणें आंवरावा. धरणांतून पाणी सोडणें हें पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकानें चालतें, आपल्या नव्हे. आणि वरच्या डोंगरांत पडलेला पाऊस आपल्या डोक्यावर ढग नसतांहि पात्र भरूं शकतो. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यांत ३० जून २०२४ रोजीं एकाच कुटुंबांतील पांच जण पाण्याच्या लोंढ्यानें वाहून गेले. त्यांतील माणसें भर दुपारीं, जागीं व एकमेकांस धरून उभीं होतीं. मग रात्रीं निजलेल्यांची कथा काय! कोरड्या ओढ्याचें पात्रहि याच न्यायानें वर्ज्य.

जागा उंचावर असावी, पण किती? येथें थोडा तारतम्याचा विचार लागतो. हिंवाळ्यांत रात्रीं थंड हवा जड होऊन उताराने खालीं सरकते व खोलगट भागांत सांचते. त्यामुळें दरीच्या तळाशीं दिलेल्या तंबूंत दंवानें अंथरूण ओलें होतें, तर त्याच उतारावर पन्नास-साठ फूट वर निजलेला मनुष्य बराच उबदार असतो. उलट माथ्यावर वारा तंबू राहूं देत नाहीं. म्हणून उताराच्या मधल्या पायरीवरील सपाट जागा, जिच्या वाऱ्याकडील अंगास झुडुपांची किंवा गडग्याची आड आहे, ती उत्तम. मात्र वरचा उतार सौम्य असावा. सुटे धोंडे किंवा नुकताच खणलेला रस्ता असलेला उतार नसावा. गांवकऱ्यांनीं आपलीं घरें ज्या पट्ट्यांत बांधलीं तेथेंच आपण असावें, ही साधी कसोटीहि बहुधा लागू पडते. परंतु वर सांगितलेल्या तिन्ही गांवांची आठवण ठेवून ती पावसाळ्यास लावूं नये.

या भागांत बऱ्याच ठिकाणीं मातीचा थर पातळ व खालीं काळा कातळ आहे. तंबूची खुंटी दोन बोटें जाऊन अडते. चांगला तळवाला अशा जागीं मुरूम घालून ओटा करतो किंवा दोऱ्या मोठ्या दगडांस बांधतो. आळशी तळवाला खुंटी तशीच तिरकी खुपसून ठेवतो आणि पहिल्याच वावटळींत तंबू पाहुण्यांसह हलूं लागतो. पोहोंचल्याबरोबर प्रत्येक खुंटी हातानें ओढून पाहावी. यांत कोणाचा अपमान होत नाहीं. तंबूखालीं अंथरलेलें प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर आलेलें नसावें, नाहींतर पावसाचें पाणी त्यावर पडून नेमकें अंथरुणाखालीं शिरतें. हें सर्व उजेडीं पाहावयाचें, म्हणून मुक्कामावर सूर्यास्तापूर्वीं निदान दोन तास पोहोंचावें. मुंबईहून दुपारीं तीनला निघून रात्रीं नऊला अंधारांत तळ शोधणारीं कुटुंबें पाहिलीं म्हणजे कींव येते.

सापांची भीति शहरी माणसांस अवास्तव असते असें म्हणण्याची रीत आहे. मला तसें वाटत नाहीं. नाग, घोणस, फुरसें आणि मण्यार हे चार विषारी साप महाराष्ट्रांत आढळतात, आणि यांपैकीं मण्यार हा तंबूवाल्यांनीं विशेष ओळखून असावा. कारण तो रात्रीं हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं. पहांटे पोटांत कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरच्यांस वाटतें कीं बाहेरचें अन्न बाधलें. म्हणून ज्या तंबूचें तळकापड भिंतींस शिवलेलें आहे व दाराची चेन शेवटपर्यंत लागते तोच घ्यावा. चेन दिवसाहि लावून ठेवावी. तंबूंत खाद्यपदार्थ ठेवूं नयेत, कारण अन्नामागें उंदीर व उंदरामागें साप. लाकडाच्या राशीजवळ, दगडी बांधाला खेटून किंवा भाताच्या पेंढ्याशेजारीं तंबू नसावा. आणि जागा ठरवितांनाच विचारून ठेवावें कीं सर्पदंशावरील लस ठेवणारें सर्वांत जवळचें सरकारी रुग्णालय कोणतें व तेथें रात्रीं गाडीनें किती वेळांत पोहोंचतां येतें. दंश झाल्यास जखम कापणें, चोखणें, आंवळून बांधणें हें कांहीं करूं नये. अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, किंवा ती येण्यास उशीर दिसल्यास आपल्या गाडीनें निघावें. मोबाइलची रेंज तळावर येते कीं नाहीं हा प्रश्न त्यासाठींच विचारावयाचा; मुलांच्या खेळासाठीं नव्हे.

याच जोडीला आणखी एक इशारा. थंडींत कोळशाची शेगडी ऊब यावी म्हणून तंबूंत किंवा कॅराव्हॅनमध्यें घेऊन दार बंद करणें म्हणजे मृत्यूस आंत घेणें होय. कोळशाचा जो वायु होतो त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि त्यानें गुंगी येते ती झोपच वाटते. राख झालेले निखारेहि आंत नेऊं नयेत. एक घोंगडी अधिक न्यावी.

भंडारदऱ्यासच जावयाचें ठरलें तर कोणत्या अंगास उतरावें? ज्यांच्याबरोबर म्हातारीं माणसें किंवा तान्हीं मुलें आहेत त्यांनीं धरणाजवळच्या शेंडी गांवाच्या आसपास राहावें. येथें बाजार आहे, वाहनें मिळतात, राजूरचा रस्ता सरळ आहे. गर्दी व गोंगाट मात्र सोसावा लागतो. कळसूबाई चढावयाची असल्यास बारी गांवीं मुक्काम बरा, कारण पहांटे काळोखांत चढण सुरू करतां येते. आणि ज्यांस खरी निवांतता हवी त्यांनीं रतनवाडी पाहावी. अमृतेश्वराचें जुनें कोरीव दगडी देऊळ, त्याजवळची पुष्करिणी, मागें रतनगड. सायंकाळीं तेथें बसलें कीं उठावेंसें वाटत नाहीं. परंतु रतनवाडीस पाऊस जिल्ह्यांतील इतर गांवांहून कितीतरी पट अधिक, आणि रात्रीं काहीं झाल्यास मदत दूर. तेव्हां हातीपायीं धड मंडळींनींच तेथें राहावें. साम्रदला सांदण दरीच्या ओढीनें तरुण लोक जातात. ती दरी म्हणजे दोन कड्यांमधील अरुंद चीर आहे. पावसाची चाहूल असतां तींत उतरणें म्हणजे नळींत शिरणें. तेथें कुटुंबाचें काम नाहीं.

कॅराव्हॅन घेऊन जाणारांचे प्रश्न निराळे. पहिला रस्त्याचा. घोटीहून शेंडीपर्यंत मोठी गाडी जाऊं शकते. जलाशयाभोंवतींचा रस्ता मात्र अरुंद व वळणांचा, समोरून एस्. टी. आली तर मागें घेण्याची तयारी असावी लागते. म्हणून तळवाल्यास गाडीची लांबी, रुंदी व उंची सांगून फाटकांतून ती आंत येते का, वर विजेच्या तारा किंवा आंब्याच्या फांद्या किती उंच आहेत, हें विचारावें. दुसरा समतलपणाचा. गाडी तिरकी राहिली तर बिछान्यावर निजलेला मनुष्य रात्रभर एका अंगास घसरतो. जमीन टणक हवी. खाचरांत उभी केलेली गाडी एका पावसानें तेथेंच अडकते. तिसरा विजेचा. घरगुती पांच-सहा अँपिअरच्या खाचेवर गाडीचें वातानुकूलन यंत्र चालवूं नये. पंधरा-सोळा अँपिअरची, जमिनीशीं जोडलेली खाच आहे का हें पाहावें, नाहींतर पंखा व दिवा यांवर संतोष मानावा.

आणि चौथा, ज्याविषयीं बोलण्यास लोक लाजतात, तो मैल्याचा. गाडींत शौचकूप असतें म्हणजे मैला नाहींसा होतो असें नव्हे. तो टांकींत सांठतो आणि कोठेंतरी ओतावा लागतो. आपल्याकडील तळांवर त्यासाठीं योग्य कुंड क्वचितच असतें. ‘ओढ्यांत सोडून द्या’ असें जो तळवाला सांगेल त्याच्याकडे राहूं नये. तो ओढा जलाशयास मिळतो व तें पाणी खालीं हजारों घरांत चुलीवर चढतें. तळावर शोषखड्डा असलेलें पक्कें शौचकूप असेल तर गाडींतील न वापरतां तेंच वापरणें शहाणपणाचें. साबणाच्या पाण्याचीहि तीच गोष्ट.

शौचकुपांसंबंधीं गृहिणींनीं स्वतः दूरध्वनीवर बोलावें. पुरुषांस हे प्रश्न सुचत नाहींत. किती तंबूंस मिळून किती कूप, स्त्रियांचे निराळे आहेत का, दारांस आंतून कडी आहे का, पाणी नळाचें कीं बादलीचें, रात्रीं वाटेवर दिवा असतो का, गुडघे दुखणाऱ्यांसाठीं बैठक आहे का. उत्तरें अडखळत आलीं तर तेंच उत्तर समजावें. तसेंच शेजारच्या तंबूंत कोण असतें, मद्यपान व ध्वनिक्षेपक चालतात का, हेंहि स्पष्ट विचारावें. कांहीं तळ केवळ कुटुंबांसाठींच राखलेले असतात.

ध्वनिक्षेपकाइतकाच उजेडहि पाहावा, विशेषतः काजव्यांच्या दिवसांत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर त्या दिवसांत लक्षावधि काजवे एका तालांत उघडमीट करतात. ही रोषणाई म्हणजे नर-मादीचें संभाषण असतें. नर उडतां उडतां खूण देतो आणि झुडुपांत किंवा गवतांत बसलेली मादी उत्तर देते. मोठे दिवे लावले कीं त्यांस एकमेकांच्या खुणा दिसेनाशा होतात, आणि गवतांत माणसें शिरलीं कीं माद्या पायांखालीं चिरडतात. प्रौढ काजव्याचें आयुष्य कांहीं आठवड्यांचें; एवढ्या अवधींत भेट झाली नाहीं तर पुढल्या वर्षाचे काजवे तितके उणे. ज्या तळावर रात्रभर झगझगीत दिवे असतात तेथें काजवे पाहण्यास जाणें हा विनोदच होय. लाल कागद लावलेली एक लहान विजेरी न्यावी, वाटेवरूनच पाहावें. हा सर्व मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हां वनखात्याच्या चौकीवर त्या वर्षाचे नियम व वेळा विचारूनच पुढें जावें.

जेवणाचें म्हणाल तर तळावर बाहेरचे पदार्थ मागूं नयेत. नाचणीची भाकरी, पिठलें, ठेचा आणि येथला मऊ भात यांची गोडी शहरी बेताला नाहीं. देशी बियाणें जपण्याबद्दल पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे या याच अकोले तालुक्यांतल्या. ज्या तळावर गांवांतल्याच बाया स्वयंपाक करतात व जमिनीचा मालक स्वतः हजर असतो तो तळ, शहरांतील कंत्राटदारानें चालविलेल्या तळापेक्षां दिसण्यांत डावा असला तरी, मी डोळे मिटून निवडीन. कारण रात्रीं वारा फिरला कीं काय करावें हें त्या मालकास ठाऊक असतें, आणि तो तेथून शंभर पावलांवर निजलेला असतो.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर काजवे दिसेनासे होतात. त्याच सुमारास हे मालक तंबू उतरवून पडवींत रचून ठेवतात व भाताच्या रोपांच्या मागें लागतात. तेव्हां जूनमध्यें जाणारांनीं निघण्याच्या आदल्या दिवशीं एकदां दूरध्वनी करून पाऊस लागला का, हें विचारून घ्यावें.